आधी कोणतं पान पिवळं पडलं?

गव्हाच्या रोपाशेजारी उकिडवं बसून पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते पाहा. बुडातली जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर बहुधा नत्राची (नायट्रोजनची) उणीव आहे. ती हिरवी असून शेंड्याची कोवळी पानं सरसकट फिकटली असतील, तर संशय गंधकावर घ्यावा. (लोह कमी असलं तरी कोवळी पानंच पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात.) नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देणं पिकाला जमतं, गंधकाच्या बाबतीत ते फारसं साधत नाही. हे न ओळखता नुसतं नत्र देणारा युरिया टाकला जातो आणि पीक होतं तसंच राहतं, याचं वाईट वाटतं.

सिस्टीन आणि मेथिओनिन ही प्रथिनं घडवणारी अमिनो आम्लं गंधकाशिवाय बनत नाहीत. पिकाच्या प्रथिनांत साधारण 15 भाग नत्रामागे 1 भाग गंधक असतं. तो एक भाग नसेल तर शोषलेलं नत्रही वाया जातं. कणीक न तुटता ताणली जाते, तीही ग्लुटेन या गव्हातल्या चिकट प्रथिनामधल्या गंधकाच्या बंधांमुळे.

एकेकाळी सिंगल सुपर फॉस्फेट या खतामधून 11-12 टक्के गंधक आपसूक मिळायचं. त्याच्या जागी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत आलं, त्यात ते जवळपास नाहीच. युरोपात 1980 नंतर धुरातून शेतांवर पडणारं गंधक घटलं, हवा सुधारली, आणि शेतांत उणीव दिसू लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक जमिनींत 90 टक्क्यांहून जास्त गंधक सेंद्रिय पदार्थांतच बांधलेलं असतं. मुळं घेतात ते सल्फेट, म्हणजे गंधकाचं पाण्यात विरघळलेलं रूप. त्याच्यावर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे जोराच्या पावसात ते खाली झिरपून जातं. सेंद्रिय साठ्यातून मात्र जिवाणू ते थोडं थोडं सोडत राहतात. म्हणून नुसतं गंधक देऊन सेंद्रिय खताकडे पाठ फिरवणं मला अर्धवट काम वाटतं.

पण सेंद्रिय म्हणजे काहीही नव्हे. त्यातला कर्ब (कार्बन) गंधकाच्या 200 पटींहून कमी असेल तर गंधक सुटतं. 400 पटींच्या वर गेलं, की जिवाणू जमिनीतलंच गंधक स्वतःसाठी ओढतात. कोरडं काड गाडून लगेच पेरणी केली की पीक उपाशी राहतं ते यामुळेही. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट बरं.

पिवळी गंधक भुकटी पिकाला थेट लागू पडत नाही. आधी जिवाणूंनी तिचं सल्फेट करावं लागतं, त्याला ओल, ऊब, हवा आणि कित्येक आठवडे लागतात. भुकटी जितकी बारीक तितकं काम लवकर. म्हणून ती पेरणीआधी, शेणखतात मिसळून द्यावी. चुनखडीच्या जमिनीत या क्रियेतून बनणारं आम्ल अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्तही थोडं मोकळं करतं. उभ्या पिकाला लगेच हवं असेल तर अमोनियम सल्फेट किंवा जिप्सम.

भाताच्या साचलेल्या पाण्यात सांभाळून. तिथे हवा नसते, त्यात न कुजलेलं काड पडलं तर सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि रोप उपटल्यावर मुळं काळी दिसली, तर आणखी खत न टाकता काही दिवस पाणी काढून मातीला हवा लागू द्यावी.