ब्लांकेत द लिमू
ब्लांकेत द लिमू : दक्षिण फ्रान्समधील लिमू गावाच्या परिसरात तयार होणारी फेसाळ पांढरी वाइन. लिमू हे लाँगदॉक प्रदेशातील ओद विभागात, ओद नदीच्या काठी, कार्कासॉनच्या दक्षिणेस सुमारे २५ किमी.वर वसलेले आहे. लाँगदॉकची ओळख प्रामुख्याने उन्हात पिकलेल्या द्राक्षांच्या तांबड्या वाइनसाठी आहे. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडील लिमूच्या टेकड्या मात्र उंच आणि थंड आहेत, शिवाय अटलांटिककडून येणारी ओलसर हवा तेथपर्यंत पोहोचते. फेसाळ वाइनसाठी लागणारी आम्लता द्राक्षात टिकते ती यामुळे. शँपेनच्या मानाने हे नाव फ्रान्सबाहेर कमी परिचित आहे.

नाव व द्राक्ष : ‘ब्लांकेत’ या ऑक्सितान (दक्षिण फ्रान्समधील प्रादेशिक भाषा) शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘पांढुरकी’ असा होतो. स्थानिक मोझाक वेलीच्या पानांच्या खालच्या बाजूस पांढरी लव असते, त्यावरून वेलीला आणि पुढे वाइनला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते व ती स्वीकारण्यास हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. दक्षिण फ्रान्समध्ये क्लेरेतसारख्या इतर पांढऱ्या द्राक्षांनाही ब्लांकेत म्हणत. त्यामुळे जुन्या कागदात हा शब्द आला की तो द्राक्षाविषयी आहे, साध्या पांढऱ्या वाइनविषयी आहे की फेसाळ वाइनविषयी, हे केवळ शब्दावरून ठरत नाही. पुढील वादाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

उगमाचा वाद : लिमूच्या ईशान्येस असलेल्या सँतिलेर येथील बेनेडिक्टाइन मठात १५३१ मध्ये जगातील पहिली फेसाळ वाइन तयार झाली, असे लिमूचे उत्पादक सांगतात आणि अनेक बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरही ते वर्ष छापलेले असते. मठातील वाइन वसंतात बुचाच्या बाटलीत आपोआप पुन्हा आंबू लागली, असे त्या कथेचे स्वरूप आहे. बूच लावलेल्या कुप्यांमधून सँतिलेरच्या ब्लांकेतची विक्री व वितरण होत असल्याचे उल्लेख १५४४ च्या सुमाराचे मानले जातात. बूच तयार करण्याच्या ओकची जंगले शेजारच्या कॅटलोनियात असल्याने तेथील बूच लिमूपर्यंत लवकर पोहोचले, हे अनुमान पटण्याजोगे आहे.

तथापि बूच म्हणजे बुडबुडा नव्हे. बुचाने बाटली घट्ट बंद होते, पण आतली वाइन फसफसत होती हे त्याने सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप काचेचा आहे. लाकूड जाळणाऱ्या भट्टीत तयार झालेली त्या काळातील काच ठिसूळ होती. आजच्या फेसाळ वाइनचा, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ५ ते ६ पट असलेला दाब तिने सोसला नसता. मजबूत काच आली ती इंग्लंडमध्ये. जहाजांसाठी लाकूड वाचवावे म्हणून १६१५ मध्ये राजा पहिल्या जेम्सने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली, भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या आणि वाढलेल्या उष्णतेत काच अधिक टणक होऊ लागली. क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वाइन फसफसावी म्हणून व्यापारी तीत साखर व काकवी घालतात, अशी नोंद केली आहे. काही अभ्यासक यालाच फेसाळ वाइनचा पहिला भक्कम पुरावा मानतात.

हे दोन दावे एकमेकांना खोडणारे आहेत असे समजले जाते, पण वस्तुतः ते दोन वेगळ्या क्रियांविषयी आहेत. मेरेटच्या निबंधात बाहेरून साखर घालून घडवलेले दुसरे किण्वन (आंबण्याची क्रिया) दिसते. लिमूच्या कथेत थंडीने अर्धवट थांबलेले पहिलेच किण्वन बाटलीत पूर्ण होते. मोझाक उशिरा पिकते. पूर्वी तिची तोडणी शरद ऋतूत उशिरा होई, रस मंदपणे आंबे आणि हिवाळ्याने यीस्ट निजले की गोडवा शिल्लक राही. वसंतात ऊब आली की ते पुन्हा जागे होई. यातून कमी दाबाची, गोडसर, किंचित गढूळ वाइन मिळाली असणे शक्य आहे आणि तेवढा दाब जाड कुपीने पेललाही असेल. म्हणून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सँतिलेरला अशी वाइन माहीत होती, हे संभाव्य म्हणावे; १५३१ हे नेमके वर्ष मात्र परंपरेचे म्हणून नोंदवणे अधिक सुरक्षित. शँपेनचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला मठवासी दॉम पेरिन्याँ याने सँतिलेरला भेट देऊन हे रहस्य शँपेन प्रदेशात नेले, ही कथा निराधार आहे. तो १६६८ पासून ओव्हिये येथील मठाचा कोठारी होता आणि बुडबुडे आणण्यापेक्षा ते टाळण्याकडेच त्याचा कल होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

प्रकार व निवड : लिमूच्या परिसरात तीन फेसाळ वाइन होतात आणि गिऱ्हाइकाचा घोळ होतो तो येथेच. ‘ब्लांकेत द लिमू’ला १९३८ मध्ये मूळनामाचे (ठरावीक प्रदेशातील वाइनलाच लावता येणाऱ्या नावाचे) कायदेशीर संरक्षण मिळाले. तीत किमान ९० टक्के मोझाक असते, उरलेला भाग शार्दोने व शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षांचा. ती शँपेनप्रमाणे बाटलीतील दुसऱ्या किण्वनाने तयार होते आणि किमान ९ महिने यीस्टच्या गाळावर ठेवतात. हिरव्या सफरचंदाची साल आणि ताजे कापलेले गवत यांची आठवण करून देणारा वास ही मोझाकची खूण. आम्लता राखण्यासाठी हल्ली तोडणी लवकर करतात, त्यात हा वास काहीसा फिका पडला आहे, अशी तक्रार जाणकार करतात.

‘ब्लांकेत मेतोद आंसेस्त्राल’ म्हणजे पूर्वापार पद्धतीची ब्लांकेत. ही शंभर टक्के मोझाकची, गोड आणि जेमतेम ६ ते ७ टक्के मद्यार्काची असते. बाहेरून साखर न घालता पहिलेच किण्वन बाटलीत संपवतात. मार्च महिन्यात उतरत्या चंद्रावर बाटल्या भरण्याचा प्रघात सांगितला जातो. सर्वांत जुनी म्हणून ज्याला ब्लांकेत चाखायची असेल त्याने ही घ्यावी. चिठ्ठीवरचे १५३१ खरे मानले, तरी त्या वर्षाशी नाते सांगू शकेल ती हीच. कोरडी ब्लांकेत तुलनेने अर्वाचीन आहे.

तिसरी ‘क्रेमाँ द लिमू’. तिला १९९० मध्ये स्वतंत्र मूळनाम मिळाले. हिच्यात शार्दोने व शेनिन ब्लां प्रमुख, तर मोझाक व पिनो न्वार गौण असतात. क्रेमाँसाठी १५० किग्रॅ. द्राक्षांतून १०० लिटरच रस घेता येतो. शँपेनची सवय असलेल्या जिभेला ही जवळची वाटते, पण तिच्यात लिमूचे वेगळेपण कमी उरते. मोझाकचे स्थान जपावे की शार्दोने वाढवावी, हा मतभेद दोन मूळनामांमागे आहे.

गोडीची पातळी चिठ्ठीवरील शब्दांवरून कळते. ‘ब्र्यूत’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘ब्र्यूत नात्यूर’ म्हणजे ३ ग्रॅमपेक्षा कमी, ‘दमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम. ‘सेक’चा शब्दशः अर्थ कोरडी असला, तरी तीत १७ ते ३२ ग्रॅम साखर असते, हे लक्षात ठेवावे. १९९४ पासून शँपेनबाहेरच्या बाटल्यांवर ‘मेतोद शांपनवाझ’ लिहिण्यास युरोपीय संघात बंदी आहे. तिच्या जागी ‘मेतोद त्रादिस्योनेल’ असे लिहितात. ब्लांकेत मुरवत ठेवण्याची वाइन नव्हे. विकत घेतल्यावर एक-दोन वर्षांत ती संपवलेली बरी.

देण्याची पद्धत : तिन्ही ६ ते ८ अंश से. तापमानाला द्याव्यात, गोड आंसेस्त्राल अधिक थंड चालते, जुनी क्रेमाँ थोडी कमी थंड असावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि पाणी निम्मे निम्मे घातलेल्या बादलीत बाटली लवकर गार होते. उघडताना बुचावर अंगठा ठेवून तारेची जाळी सोडवतात, बाटली तिरपी धरतात आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवतात. मोठा आवाज म्हणजे वाया गेलेला वायू. पसरट प्याल्यापेक्षा वर निमुळता होत जाणारा ट्यूलिपच्या आकाराचा प्याला चांगला, कारण त्यात वासही गोळा होतो. प्याल्यावर साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. पूर्णपणे गुळगुळीत, निष्कलंक काचेवर बुडबुडे उठतही नाहीत. ते काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंतून सुटतात.

लिमूच्या कार्निव्हलमध्ये या वाइनला मानाचे स्थान आहे. जानेवारीपासून वसंतापर्यंत चालणाऱ्या या उत्सवात मुखवटे घातलेले जथे वाद्यांच्या तालावर चौकातील कमानींखालून फिरतात. अखेरच्या रात्री कार्निव्हलच्या राजाचा पुतळा जाळला जातो. त्या रात्रीला ‘ब्लांकेतची रात्र’ म्हणतात.