लुटुपुटूचे नाते : एका कथासूत्राची पार्श्वभूमी

अली हेझलवूड यांची ‘द लव्ह हायपॉथिसिस’ ही कादंबरी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात जीवशास्त्रात पीएच.डी. करणारी ऑलिव्ह, आपले मन आता दुसरीकडे रमले आहे अशी मैत्रिणीची खात्री पटावी म्हणून, समोर दिसलेल्या पहिल्याच पुरुषाचे चुंबन घेते आणि तो नेमका अख्ख्या विभागाला धाक असलेला प्राध्यापक अॅडम कार्लसन निघतो. तो विद्यापीठ सोडून जाईल या शंकेने त्याचा संशोधननिधी अडवून ठेवलेला असल्यामुळे, आपण इथेच रुजलो आहोत असे दिसणे त्याच्याही सोयीचे असते. मग दर बुधवारी चारचौघांदेखत कॉफी घ्यायची, असा दोघांचा करार होतो. ही कादंबरी मी मनापासून आनंद घेत वाचली, आणि त्या आनंदाचे मूळ शोधताना या लुटुपुटूच्या नात्याची वाट बरीच मागे जाते असे दिसले.

इंग्रजी प्रेमकथेत हे सूत्र बराच काळ खोट्या साखरपुड्याच्या रूपात वावरत होते. जॉर्जेट हेअर यांच्या १९५३ सालच्या ‘कॉटिलियन’ या कादंबरीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडातली किटी चेरिंग फ्रेडीला एक महिनाभर आपला वाग्दत्त वर होण्याची गळ घालते, कारण लग्न ठरल्याच्या निमित्ताने तिला लंडनला जायला मिळणार असते आणि ज्याच्यावर तिचे मन बसले आहे त्या जॅकला डिवचताही येणार असते. आज हे खेळकर वाटते. पण त्या समाजात शब्द मोडणे ही गंभीर बाब होती. वचनभंगाबद्दल इंग्लंडात न्यायालयात भरपाई मागता येत असे आणि हा कायदेशीर मार्ग १९७१ च्या आरंभी बंद झाला. मागे फिरण्याची मुभा रूढीने स्त्रीला दिली होती; पुरुषाने तसे केले तर त्याची अब्रू जाई. म्हणजे खोट्या साखरपुड्याला होकार देणारा फ्रेडी आपला मान किटीच्या हाती सोपवत होता, आणि त्याच्या भलेपणाची ही पहिली खूण वाचकाला इतर सर्वांच्या आधी दिसते.

हे सूत्र पडद्यावर सर्वांत सुरेख वठले ते माझ्या मते १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या अमेरिकी चित्रपटात. वडिलांच्या नौकेवरून पळालेली एली आणि बातमीच्या शोधातला पत्रकार पीटर प्रवासात नवरा-बायको असल्याचे सांगून एकाच खोलीत उतरतात व मध्ये दोरीवर चादर टांगतात. वडिलांनी पाठवलेले गुप्तहेर दाराशी येतात तेव्हा दोघेही काही न ठरवता मुरलेल्या जोडप्यासारखे कडाडून भांडू लागतात. गोड बोलणे कोणालाही जमते. पण ठरवल्यावाचून एकमेकांच्या तालावर भांडता येणे ही जुळलेल्या मनांची खूण आहे, आणि ती प्रेक्षकाला त्या दोघांच्या आधी कळते. पाच प्रमुख ऑस्कर मिळवलेल्या या चित्रपटावरूनच १९५६ चा ‘चोरी चोरी’ आला.

मराठी घरांत हे सूत्र २०१२ मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिकेने रुजवले. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांचे घना व राधा आपापल्या अडचणींवर तोडगा म्हणून करारावर लग्न करतात. इथे नुसते ‘आमचे जुळले आहे’ असे सांगून भागणारे नव्हते. आपल्याकडे दोघांना एका छताखाली आणायचे तर लग्नच हवे, आणि सोंग वठवायचे ते भरल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर. त्यामुळे फसवणुकीचा सल इथे अधिक खोल जातो.

पुढचे वळण चाहत्यांच्या लेखनाने दिले. आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांसाठी ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ २००९ मध्ये खुले झाले. तिथे प्रत्येक कथेला कथासूत्राचे लेबल लावता येते आणि ‘खोटे नाते’ हे लेबल निवडून वाचक हव्या त्याच प्रकारच्या कथा शोधू शकतो. पूर्वी कथानकातली युक्ती असलेली गोष्ट अशा रीतीने वाचकाच्या आवडीचे नाव बनली. हेझलवूड यांची कादंबरीही मुळात ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील रे आणि कायलो रेन यांच्यावरील अशीच कथा होती.

किटीला लंडनला जायला निमित्त लागत होते, एलीला खोली मिळवायला लागत होते. ऑलिव्हला मात्र कोणत्याही कायद्याने वा रूढीने अडवलेले नाही. तिला अडवते ती स्वतःचीच भीती, की जीव लावलेले माणूस आपल्याला सोडून जाईल. म्हणून तिच्या बाबतीत करार आधी येतो आणि कबुली फार उशिरा. आणि अॅडमच्या मनात ती किती आधीपासून होती हे कळल्यावर मी पहिल्या प्रकरणाकडे परत गेले, तेव्हा त्या चुंबनानंतरचा त्याचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला.