गुण वाढले, पण कशामुळे?

वर्गात चाचणी होते. सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं शिक्षिका वेगळी काढतात, महिनाभर त्यांचे जादा तास घेतात आणि पुन्हा चाचणी घेतात. आठ जणांचे गुण वाढलेले असतात. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारं गणित) आणि शेवटी निष्कर्ष: उपक्रम यशस्वी. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी संशोधन शिकतात ते बऱ्याचदा याच साच्यातून. शिक्षिकेची मेहनत खरी असते, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारणं जड जातं. जादा तास घेतलेच नसते, तर हे गुण वाढले नसते का?

थोडेफार वाढलेच असते. महिनाभरात मुलं नेहमीच्या तासांनाही काही शिकतात. तशीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना सराव कामी येतो. तिसरं कारण अधिक फसवं आहे. चाचणीच्या गुणांत मुलाला जे येतं ते असतं, तसा त्या दिवसाचा योगायोगही असतो. तळाच्या दहांत अंगात ताप असलेलं, प्रश्न घाईत चुकीचा वाचलेलं असं एखादं मूल असतंच. पुढच्या खेपेला तोच दुर्दैवी योग सहसा जुळून येत नाही, आणि कोणी काहीही न करता गुण वर सरकतात. इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना सरासरीकडे परतण्याची ही ओढ मांडली होती. वर्गातली पहिली दहा मुलं निवडली तर उलटं घडतं: त्यांचे गुण थोडे घसरतात, आणि मग आळस, गर्व अशी कारणं त्यांना चिकटवली जातात. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या अमेरिकन संशोधकांनी १९६३ मध्ये अध्यापनावरील संशोधनाच्या एका ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रकरणात निष्कर्ष फसवणाऱ्या अशा कारणांची यादीच दिली. टी-चाचणीचं सूत्र शिकवण्याआधी ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, असं माझं ठाम मत आहे. सूत्र संगणकही सोडवतो. शंका माणसालाच घ्यावी लागते.

या शंकांवरचा उपाय म्हणजे तुलनेचा गट, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ मध्ये सुरू झालेला 'स्टार' प्रयोग याचा उत्तम नमुना आहे. ७९ शाळा, बालवर्ग ते तिसरी, चार वर्षं. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे, तर काही तेवढ्याच मोठ्या पटाचे पण मदतनीस दिलेले. मुलं आणि शिक्षक, दोघांचीही वाटणी यादृच्छिक पद्धतीने झाली. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. या तिसऱ्या गटातच मला संशोधकांची खरी हुशारी दिसते. तो नसता, तर 'मोठ्या वर्गात आणखी एक माणूस दिला तरी चालेल' हा दावा तपासताच आला नसता.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर लहान वर्ग करायला घेतले. एकदम हजारो नवे शिक्षक लागले, पुरेशी पात्रता नसलेलेही घ्यावे लागले, आणि टेनेसीइतका स्पष्ट लाभ दिसला नाही. प्रयोग खरा होता. परिस्थिती बदलली होती.

लहान वर्गात नेमकं काय वेगळं घडतं, हे मात्र गुणांच्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी वही घेऊन मागच्या बाकावर बसावं लागतं. असं आकड्यांऐवजी निरीक्षणांवर उभं राहणारं गुणात्मक संशोधन सोपं असतं असं समजून अनेकजण त्याकडे वळतात आणि पहिल्याच पानावर अडखळतात. 'मुलं कंटाळली होती' हे निरीक्षण नव्हे, तो अर्थ झाला. 'सहा मुलं खिडकीबाहेर बघत होती, दोघांनी वह्या मिटल्या होत्या' हे निरीक्षण. यातला फरक हाताला वळायला महिने लागतात.

सुरुवातीच्या शिक्षिकेलाही वाट आहे. चिठ्ठ्या टाकून पाच मुलांना या महिन्यात जादा तास, उरलेल्या पाचांना पुढच्या महिन्यात. कोणीच वंचित राहत नाही. पहिल्या महिन्याच्या अखेरीस दहाही जणांची चाचणी एकाच दिवशी घ्यायची, आणि पेपर शक्यतो नावं झाकून दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचे. पाच-पाच मुलांवरून ठाम काही म्हणता येणार नाही. पण शेजारच्या वर्गांनीही हेच केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा केलं, तर त्या नोंदी एकत्र मांडता येतील.