जात्यावरची ओवी

जात्यावरची ओवी हे महाराष्ट्रातील स्त्रियांनी धान्य दळताना रचलेले, गायलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेले गीत होय. संगीत माणसाच्या मनाला कसा आधार देते याचा विचार करताना बहुधा मैफली आणि कलावंत डोळ्यांसमोर येतात. ओवीला मात्र व्यासपीठ नव्हते, श्रोता नव्हता आणि मोबदलाही नव्हता. गाणारी बाई स्वतःसाठी आणि फार तर समोर बसलेल्या सोबतिणीसाठी गात असे. म्हणूनच हे गाणे तिच्या जगण्याला किती आवश्यक होते, हे अधिक स्पष्ट दिसते.

दिवसभराच्या भाकरीचे पीठ सकाळी तयार असावे लागे, त्यामुळे दळण पहाटे, घरातली इतर माणसे निजलेली असतानाच सुरू होई. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत, एका हाताने मूठमूठ धान्य वैरीत आणि जात्याच्या वरच्या तळीच्या (फिरणाऱ्या दगडाच्या) फेऱ्याशी ओवीचे चरण जुळवून घेत. चाल थोड्याच स्वरांत फिरणारी व संथ असे. एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचले किंवा पुढे नेई, आणि ‘बाई’, ‘गं’ अशा भरीच्या शब्दांनी लय सांभाळली जाई. या लयीमुळे दोघींचे हात एका वेळी ओढ घेत आणि ते कंटाळवाणे, खांदे भरून आणणारे काम सुसह्य होई. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे.

परंतु श्रम हलके करणे एवढेच ओवीचे कार्य मानले, तर तिचे मोल फार कमी लेखल्यासारखे होईल. सासरी ज्या सुनेला मोठ्यांपुढे तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तिला जात्यापाशी बोलता येई. जात्यालाच ईश्वर मानून त्याच्यापुढे ती मन मोकळे करी: माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, सासुरवास, नवऱ्याचा अबोला, लेकीची पाठवणी, मूल गमावल्याचे दुःख. ‘पहिली माझी ओवी’ असे म्हणत देवाला, मग आईबापांना ओव्या वाहण्याची रीत होती. पंढरीचा विठ्ठल भाऊ किंवा सखा होऊन येई आणि वनवासातील सीतेचे दुःख गाताना स्वतःचे दुःखही सांगता येई. पुढे दलित स्त्रियांच्या ओव्यांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अत्यंत आत्मीयतेने, घरातल्या माणसासारखे येऊ लागले. दुःखाला शब्द, चाल आणि ऐकणारी सोबतीण मिळणे हा मोठाच दिलासा होता, आणि तो मिळवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

ही परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना, म्हणजे उखळात धान्य कुटताना, ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळतो. संत जनाबाईला दळू लागण्यासाठी प्रत्यक्ष विठ्ठल येत असे, ही कथाही वारकऱ्यांच्या श्रद्धेत घट्ट रुजलेली आहे.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले. ही सुटका त्यांना हवीच होती. जात्याविषयी हळहळताना त्या श्रमांचा विसर पडू नये. मात्र दळणाबरोबर पहाटेचा तो हक्काचा एकांतही गेला आणि ओवीचा रोजचा प्रसंग उरला नाही. साने गुरुजी आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांची गीते जमवून छापली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतील बऱ्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने, गाणाऱ्या बायकांच्या नावागावांसह प्रसिद्ध होऊ लागला. लग्नघरी हळद दळताना जात्याची पूजा करून ओव्या म्हणण्याची प्रथा अनेक ठिकाणी अजून टिकून आहे.