बाइकचं इंजिन बदलताय? आरटीओची परवानगी, कागदपत्रं आणि नंतर गाडी सुरू न झाल्यास काय बघायचं

इंजिन बसलं, म्हणजे जाम झालं, की मेकॅनिक दोन पर्याय देतो: बोअर-पिस्टनचं काम काढा, नाहीतर दुसरं इंजिन टाकतो. दुसरं काम लवकर उरकतं, पण इंजिन नंबर आरसीवर आणि विम्यात नोंदलेला असतो. गाडीवरचा नंबर आरसीशी जुळला नाही, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द करता येते. म्हणून पाना लावण्याआधी कागद बघा.

आरटीओच्या परवानगीचा अर्ज सगळ्यांनाच लागत नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या मुख्य कवचावर, ठोकलेला असतो. हेड, ब्लॉक, पिस्टन, क्लच बदलले तरी क्रँककेस जुनीच असेल तर नंबर तोच राहतो आणि आरटीओत जायचं कारण उरत नाही. क्रँककेस शाबूत असेल तर मी हाच मार्ग सुचवेन, खर्च थोडा जास्त आला तरी.

पूर्ण इंजिन बदलायचं असेल तर कलम ५२ लागू होतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, त्यामुळे इंजिन त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं आणि तेवढ्याच सीसीचं हवं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक) गाडीत जुनं बीएस-४ इंजिन बसवायचा विचारही करू नका. आधी मंजुरी, मग काम. मंजुरीविना बदल झालाच असेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

अर्ज आरसीवर नाव असलेल्यानेच करायचा. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्या. कर्ज चालू असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) ठेवा. सगळ्यात मोलाचं म्हणजे इंजिनचं बिल. त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि पूर्ण इंजिन नंबर हवाच. जुनं इंजिन असेल तर ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागा. नंबरावर बॅटरी मारून बघा: घासल्याच्या रेघा, वरखाली झालेली किंवा कमी-जास्त खोल अक्षरं दिसली तर ते इंजिन घेऊ नका. चोरीच्या गाड्यांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत होते, तीही करून घ्या.

परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून वाहनातील बदलाची सेवा निवडा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरा, शुल्क भरून पावती काढा. मग गाडी तपासणीला न्यायची. तिथे नंबर प्रत्यक्ष बघतात, त्यामुळे क्रँककेसवरचं ऑइल-माती घरीच पुसून जा. आरटीओनुसार एखादा कागद जास्त मागतात. खिडकीवर आधी विचारलेलं बरं.

गाडी नीट सुरू होत असेल तरच तपासणीला न्या. इंजिन बदलल्यावर बहुतेक वेळा दोष इंजिनात नसून जोडणीत असतो. सेल्फ मारल्यावर नुसतं टिकटिक होत असेल तर बॅटरीचा चार्ज आणि इंजिनला येणारी अर्थिंगची वायर बघा; तिच्या बोल्टखाली रंग किंवा ग्रीस राहतं. न्यूट्रल स्विच इंजिनवरच असतो. त्याचं कनेक्टर राहिलं तर हिरवा दिवा लागत नाही आणि बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही.

सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही? प्लग काढून इंजिनला टेकवा आणि स्पार्क बघा. हे करताना पेट्रोल लांब ठेवा. स्पार्क नसेल तर पिकअप कॉइलचं (स्पार्कच्या वेळेचा सिग्नल देणारी कॉइल) कनेक्टर तपासा. स्पार्क चांगला असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबर बघा. तिथून हवा ओढली की चोक दिल्याशिवाय गाडी टिकत नाही. एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा बारीक आवाज यायला हवा. किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन जातंय: व्हॉल्व्हची फट जुळवणारे टॅपेट टाइट आहेत किंवा टायमिंग चेनची खूण चुकली आहे. मग किका मारत बसू नका, कव्हर उघडून घ्या.

नवी आरसी हातात आली की विमा कंपनीला प्रत पाठवून पॉलिसीतला इंजिन नंबर बदलून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर हाच नंबर जुळवून बघतो.