सायप्रिस सबग्लोबोझा

गोड्या पाण्यातील एक ऑस्ट्रॅकॉड (दोन शकलांच्या शिंपेत राहणारा सूक्ष्म प्राणी). कवचधारी (क्रस्टेशिया) प्राण्यांच्या ऑस्ट्रॅकोडा गटातील सायप्रिडिडी कुलात याचा समावेश होतो. सायप्रिस ही प्रजाती (जीनस) म्यूलर यांनी १७७६ मध्ये स्थापन केली. प्रस्तुत जातीचे नामकरण सावर्बी यांनी १८४० मध्ये केले.

हे नाव मुळात जीवाश्माचे आहे. दख्खन ट्रॅपच्या (दख्खनच्या ज्वालामुखी खडकाच्या) लाव्हाथरांमधील गाळात, तेलंगणातील निर्मळ परिसरातील सिचेल टेकड्यांत, माल्कमसन यांना मिळालेल्या नमुन्यांवरून ते दिले गेले. हे आंतरट्रॅपी थर सर्वसाधारणपणे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीचे व त्यानंतरच्या आरंभकाळाचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. पुढे आजच्या तळ्यांतील जिवंत प्राण्यालाही हेच नाव लावले गेले. दोन्ही एकच जात असतील, तर ती विलक्षण दीर्घायुषी ठरते. मात्र हे साम्य प्रामुख्याने शिंपेच्या घाटावरून ठरवलेले आहे. जीवाश्मात उपांगे (पाय, शृंगिका यांसारखे अवयव) उरत नाहीत, आणि सायप्रिडिडी कुलात जातीची खात्री बहुधा उपांगांवरूनच पटते. त्यामुळे दोन्ही भिन्न मानणे अधिक सुरक्षित वाटते. तसे मानल्यास नाव जीवाश्माकडे राहते आणि जिवंत प्राण्यासाठी दुसरे नाव शोधावे लागते.

प्राणी मोहरीच्या दाण्याएवढा, हिरवट व फुगीर असतो. पाठ उंच कमानीची, पोटाची बाजू सपाटसर असते. शिंपेची दोन शकले पाठीकडे बिजागरीने जोडलेली असतात. ती मिटणाऱ्या स्नायूंचे वण शकलाच्या आतल्या बाजूस पुंजक्याने दिसतात व वर्गीकरणात उपयोगी पडतात. डोक्यावर लघुशृंगिका व शृंगिका (स्पर्शिकांच्या दोन जोड्या) असून शृंगिकांवरील लांब केस पोहण्याच्या कामी येतात. त्यामागे जंभ व जंभिका (जबडे) आणि वक्षीय उपांगे (छातीचे पाय) येतात. यांपैकी शेवटची जोडी शिंपेच्या आतील बाजू साफ करते. डोळा मध्यभागी एकच. धक्का लागताच शकले मिटून प्राणी तळाशी बुडतो. थोड्या वेळाने शृंगिका बाहेर काढून पुन्हा पोहू लागतो. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लालाही शिंपा असते. प्रौढ होईपर्यंत आठदा कात टाकावी लागते व दरवेळी पाण्यातील कॅल्शियम शोषून नवी शिंपा घडवावी लागते.

प्रसार भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया व आफ्रिकेत. उथळ तळी, डबकी, भातखाचरे हे नेहमीचे ठिकाण. गोव्यात मये, करमळी यांसारखी तळी, वायंगणाची (उन्हाळी भाताची) शेते व सड्यांवरील (जांभ्याच्या पठारांवरील) पावसाळी खळगी हे अधिवास त्यास अनुरूप आहेत. खाजनातील (खाडीकाठच्या शेतजमिनीतील) खारे पाणी पावसाने गोडसर होईपर्यंत त्याच्या उपयोगाचे नाही. सड्यावरील खळगी पावसाळ्यानंतर आटतात, पण सायप्रिडिडींची अंडी कोरड्या मातीत तग धरू शकतात. जांभ्यातील कॅल्शियम मात्र बरेचसे धुऊन गेलेले असल्याने तेथील पाणी मृदू असते. गोव्यात दख्खन ट्रॅप ईशान्येच्या कडेलाच आहे. उरलेली भूमी मुख्यत्वे कितीतरी जुन्या, कँब्रियनपूर्व खडकांची असल्याने आंतरट्रॅपी जीवाश्मांचा शोध येथे घेण्यासारखी जागा फारशी नाही.