झूमधला पक्षी बाहेर जगत नाही?

हतनूर धरणावर थंडीत पक्षी बघायला जमलं की कोणीतरी हमखास बोलतंच, झूमधले पक्षी बाहेर सोडले की मरतात, सगळा नुसता शो. असं नाहीये भाऊ. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरलं होतं, सगळे सॅन दिएगो अन लॉस एंजेलिसच्या झूमध्ये नेले, पिल्लांना माणसाची सवय नको म्हणून हातात काँडोरच्या डोक्याचं बाहुलं घालून भरवायचे, १९९२ पासून जंगलात सोडायला लागले आणि आज जगात जेवढे काँडोर आहेत त्यातले निम्म्याहून जास्त मोकळे उडतायत. मरतात, पण जास्त करून शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचं मांस खाऊन विषबाधेनं. आता प्रत्येकच झू असं काम करतं असं नाही हां, बरेच फक्त तिकीट फाडतात.